तांबड्यावरचं अर्धवट जहाज

मंगळवार, ३ फेब्रुवारी
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं

ताई,

हे पत्र सुरू केलं तेव्हा मी स्टोव्हवर पाणी ठेवून फेरी एकेचाळीसची बेरीज तिसऱ्यांदा तपासत होतो. बेरीज बरोबर आहे. पाणी मात्र आटलं.

माझी स्थिती लिहितो. कोपरा ग्रह: शेती दोन, खाणी तीन, ढाल पूर्ण. कोनाडा ग्रह: हवा आहे, शेती नाही, खाण नाही, वस्ती नाही. जहाजं शून्य. हसून घे. बाबांचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा तू त्यावरच्या अंतराळाच्या खेळाचे सगळे नियम वहीत उतरवून घेतलेस, त्याला अकरा वर्षं झाली. आधी आपण वहीवर खेळलो, तुझ्या लग्नानंतर पत्रांतून. पोस्टाने अंतराळ जिंकायला निघालेली माणसं जगात आपण दोघंच असू.

आता दुसरी गोष्ट. गेल्या एकवीस दिवसांत मी तुला सात वेळा फोन केला. सातही वेळा भाऊजींनी उचलला आणि तू आंघोळीला गेली आहेस असं सांगितलं. वेळा मी लिहून ठेवल्या आहेत. त्यातली एक दुपारी पावणेचारची आहे. रविवारी मागून तुझ्या भिंगरीचा आवाज येत होता, काहीतरी मोठ्याने सांगत होती, आणि मध्येच थांबली. फोन तुटला नव्हता. तिचा आवाजच थांबला.

तेव्हापासून मला भीती वाटते आहे. कशाची, ते नीट मांडता येत नाही. दुकानात दुरुस्तीला आलेल्या काट्यावर वजन ठेवतो तेव्हा काटा स्थिर झाला तरी मला तो हलताना दिसतो. तू फक्त बरी आहेस एवढं लिहून पाठव. खेळाचं नंतर लिहिलंस तरी चालेल.

तुझा
पावशेर

---

९ फेब्रुवारी

पावशेर,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या भाऊजींनीच वाचून दाखवलं. आठवीत शाळा सोडलेल्या मुलाची एक वेलांटी चुकत नाही म्हणाले, आणि भिंगरीला ते पत्र शुद्धलेखनासाठी उतरवायला लावलं. ‘आटलं’ तिने तीनदा खोडलं.

या घरात येणारं आणि जाणारं प्रत्येक पत्र ते आधी वाचतात. कारखान्याच्या फाटकावर दिवसभर माणसांच्या आत-बाहेरच्या वेळा टिपायच्या, तर घरीही तीच सवय. तेव्हा घरच्या चौकशा लिहून त्यांचा वेळ घेऊ नकोस. फोन बिघडला आहे, करू नकोस. फक्त खेळाचं लिही. खेळाचा भाग आला की त्यांना जांभई येते आणि ते पान उलटतात.

फेरी बेचाळीस. माझ्या तांबड्या ग्रहाची ढाल उतरत चालली आहे. वर्षभर डागडुजी करून पाहिली, आता त्यात धातू घालण्यात अर्थ नाही. मी तांबडा सोडायचं ठरवलं आहे. गोदीत वसाहतजहाज बांधायला घेतलं आहे. चार फेऱ्या लागतील. प्रवासी दोन, एक मोठं, एक लहान.

तुझा कोनाडा रिकामा आहे. तिथे उतरू देशील का? नियम अकरा आठवतो ना, पाहुण्या जहाजाला उतरू दिलं की पहिल्या तीन फेऱ्यांचं धान्य यजमानाने द्यायचं. आधी विचार कर, मग हो म्हण.

आणि एक सांगते. लहानपणी प्रत्येक ग्रहावर शेती, खाणी, ढाल सगळं पुरं होईपर्यंत तू गोदीला हात लावायचा नाहीस. तोवर मी येऊन तुला गिळून टाकायचे. मग तू वही पुढे करून म्हणायचास, पण ताई, माझा आराखडा बरोबर होता. बरोबर असायचाच. तुझी जहाजं कधी निघायचीच नाहीत, एवढंच. या वेळी तसं करू नकोस.

ताई

---

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
दुपारचे एक वाजून पाच मिनिटं, जेवणाची सुट्टी

ताई,

पत्र चार वेळा वाचलं. खेळाचं सगळं कळलं.

हो. उतर.

सकाळी दागिन्यांच्या काट्याची तपासणी करताना माझ्या चिमट्यातून दोन ग्रॅमचं वजन पडलं आणि फळीच्या फटीत गेलं. मालकांनी फळी उचकटून काढलं. म्हणाले, वजन खोटं नाही रे, तुझा हात खोटा झाला आहे, घरी कुणी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, एक खेळ चालू आहे. त्यावर दिवसभर त्यांनी लहान वजनं माझ्या हाती दिली नाहीत.

आता आराखडा. कोनाड्यावर हवा आहे, पण जागा एका माणसाची, तीही पाय दुमडून झोपला तर. अशा ठिकाणी दोन माणसं उतरवणं म्हणजे त्यांना उघड्यावर आणणं. म्हणून फेरी त्रेचाळीसला जागा वाढवतो. चव्वेचाळीसला पाणी आणि शेती. पंचेचाळीसला लहान प्रवाशासाठी शाळा; आपल्या नियमांत शाळा नाही, पण असायला हवी होती. शेहेचाळीसला ढाल. सत्तेचाळीसला तू उतरायचंस.

एक फेरी म्हणजे साधारण एक आठवडा धरला आहे. कुठे चूक दिसली तर कळव.

मी तांबड्याचा नकाशा रोज पाहतो.

पावशेर

---

२० फेब्रुवारी

पावशेर,

ओळी तिरक्या आल्या आहेत, कारण कागद दाबून धरायला दुसरा हात नाही. डावा हात दारात सापडला. दोन बोटं एकत्र बांधली आहेत, घरच्या घरीच. काळजीचं कारण नाही असं तुझे भाऊजी म्हणतात, आणि ते इथेच बसले आहेत.

फेरी चव्वेचाळीस. तांबड्यावर मंगळवारी गोळा पडला. लहान प्रवासी गोदीत लपला होता, त्याला काही झालं नाही. ढाल आता जवळजवळ नाहीच.

तुझा आराखडा सुंदर आहे. शाळा वाचून मी हसले. पण सत्तेचाळीस फार लांब आहे. नियम बारा काढून वाच. दोन फेऱ्या बांधून झालेलं जहाज अर्धवटही निघू शकतं, फक्त त्याला मागे वळता येत नाही. मला मागे वळायचंच नाही. पंचेचाळीसला निघते म्हणते. तू फक्त हो म्हण. जागा, शेती, ढाल, सगळं उतरल्यावर बघू.

धातूचा साठा अठरा. त्याबद्दल काही विचारू नकोस.

ताई

---

बुधवार, २५ फेब्रुवारी
सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं

ताई,

तुझं पत्र मिळालं. काल जिन्यात वरच्या भाडेकरूने दार आपटलं आणि मी माझा डावा हात उजव्या हाताने धरून बसलो.

तरीही शांत डोक्याने लिहितो, कारण घाई करून चालणार नाही. पंचेचाळीसला कोनाड्यावर ढाल नसेल. तू उतरलीस आणि शत्रूचं जहाज मागोमाग आलं तर आपण त्याला अडवायचं कशाने? मोठ्या जागेची किल्ली एक तारखेनंतर मिळते. धान्याचं पहिलं पीक त्यानंतर. मी पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी उत्तर सत्तेचाळीसच येतं. ताई, फक्त दोन फेऱ्या कळ काढ. या वेळी मी सगळं पुरं करतोय. या वेळी माझं काही कमी पडलं म्हणून तू हरता कामा नये.

एक राहिलं. तुझ्या साठ्यात चूक आहे. तांबड्याच्या खाणीतून फेरीला सहा धातू निघतो. एकेचाळीस ते चव्वेचाळीस या चार फेऱ्यांचे चोवीस व्हायला हवेत, तू अठरा लिहिले आहेस. सहा कमी आहेत. तू बेरजेत कधी चुकत नाहीस, म्हणून विचारतो. ते सहा कुठे गेले, तपासून कळव.

पावशेर

---

४ मार्च

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार.

आपला पत्रव्यवहार मी आजवर वरवर वाचत होतो. ग्रह आणि गोद्या हा पोरखेळ आहे असा माझा समज होता. परंतु आपल्या गेल्या पत्रातली बेरीज वाचून मी थांबलो. माझं आयुष्य हजेरीच्या रजिस्टरात गेलं आहे. कमी आलेला आकडा मला झोपू देत नाही. आपण म्हणता तेच खरं, आपली बहीण बेरजेत चुकत नाही. मग सहा गेले कुठे?

मी तिला विचारलं. ती म्हणाली, खेळातले आहेत. मी पुन्हा विचारलं. शेवटी मीच शोधले. सहाच्या सहा नोटा पिठाच्या डब्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या. आपण लक्षात आणून दिलंत, त्याबद्दल आभारी आहे.

त्यानंतर मी आपली सगळी जुनी पत्रं पुन्हा वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. दोन माणसं उतरवणं, लहान प्रवाशासाठी शाळा. मेहुणेबुवा, माणसं मोजण्याचाच मला पगार मिळतो.

खेळ छान आहे. यापुढे तांबड्याच्या बाजूने मी खेळेन. फेरी शेहेचाळीस: गोदी बंद. जहाज मोडून धातू परत घेतला. ढालीची आवश्यकता नाही, कारण तांबड्यावरून आता कुणी बाहेर जात नाही. मी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. भिंगरीची शाळा काही दिवस बंद ठेवली आहे.

आपली खेळी कळवावी. वाट पाहतो.

आपला,
भाऊजी

---

६ मार्च

प्रिय बंधू,

मी खुशाल आहे. खेळाचा कंटाळा आल्याने तो बंद केला आहे. आपण मनाला लावून घेऊ नये. आपल्या भाऊजींनी माझी उत्तम व्यवस्था ठेवली आहे. इकडे येण्याची तसदी घेऊ नये.

आपली बहीण

(पाठीमागे, पेन्सिलीने)

मामा मी भिंगरी. बाबा म्हणाले तू पण लिही. आई म्हणते मामाला विचार तुझी जहाजं कधी निघतात.

---

शुक्रवार, १३ मार्च
दुपारचे चार वाजून पस्तीस मिनिटं

भाऊजी,

हे पत्र सुरू केलं तेव्हा मी नव्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवत होतो. खोली कुठे आहे ते वर लिहिलेलं नाही. जुनी खोली मी सोडली आहे, आणि मालकांनी मला त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या दुकानात लावून दिलं आहे, म्हणून जुन्या पत्त्यांवर शोधण्याची तसदी घेऊ नये.

तुम्ही खेळी विचारली होती. ती कळवतो. या पत्राची एक प्रत पोलीस चौकीत दिली आहे, डॉक्टरांच्या दाखल्यासह. उद्या कुणी म्हणू नये की नोंद अपुरी होती.

सोमवार, ९ मार्च. सकाळी दहाला तुमचं पत्र आणि ताईचं म्हणून आलेलं पत्र एकत्र मिळालं. ताईने मला जन्मात कधी ‘प्रिय बंधू’ म्हटलेलं नाही. पाठीमागची पेन्सिलीतली ओळ वाचली. त्या सहाचा हिशेब मी मागितला होता, तिने विचारू नकोस म्हटलं असताना. ते माझ्या हातून झालं आहे आणि ते मी कुणावर ढकलत नाही.

त्यानंतर मी पुन्हा आराखडा मांडायला बसलो, हेही खरं लिहितो. सोमवार गेला. मंगळवारी दुपारपर्यंत मी फेऱ्या मोजत होतो. मालकांनी माझ्यापुढचा कागद उचलून बघितला आणि विचारलं, हे काय आहे. या वेळी मी खरं सांगितलं. त्यांनी गल्ला उघडला.

“किती लागतील?”

“तीन हजार. पण अजून खोलीची किल्ली नाही, गादी एकच आहे, आणि ते मागोमाग आले तर—”

“ते मी विचारलं नाही. पहिली बस किती वाजता सुटते?”

बुधवार, ११ मार्च. पहिली बस पहाटे चारची होती. सहा पंचविसाला मी तुमच्या घरासमोर होतो. सहा चाळीसला तुम्ही बाहेर आलात, कुलूप लावलंत, दोनदा ओढून पाहिलंत, घड्याळ पाहिलंत. मग माझ्यापासून सहा पावलांवरून गेलात. मी पाठमोरा होऊन भिंतीवरची ‘भाड्याने देणे’ची पाटी वाचत होतो. तिच्यात दोन चुका होत्या. तुम्ही हाक मारली असतीत तर मी ‘आलो’ म्हणून तुमच्या मागे आलो असतो.

सात वाजता कारखान्याचा भोंगा झाला. सात दोनला मी दारापाशी होतो. आतून ताईने विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, पावशेर.

मग ती दाराच्या अगदी जवळून बोलली.

“कुलूप आहे बाहेरून.”

“दिसतंय.”

“मग उभा का आहेस?”

“कुलूप चांगलं आहे. कडीपट्टी चार स्क्रूवर आहे. दोन गंजलेत.”

“किती वेळ लागेल, आराखडा नको सांगूस.”

मी सांगितला नाही. वजनकाट्याचे स्क्रू उघडायला बारीक हात लागतो आणि माझा हात त्या दिवशी खोटा होता. तिसऱ्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर निसटून माझ्या तळव्यात शिरला. त्याचं रक्त तुमच्या उंबऱ्यावर आहे, ते माझं, गैरसमज नको. सात बाविसाला पट्टी निघाली. कुलूप जसंच्या तसं लागलेलं राहिलं, फक्त दार उघडलं.

ताईचा हात मी पाहिला. त्याबद्दल इथे लिहीत नाही, दाखल्यात लिहिलेलं आहे. ती म्हणाली की तिच्याकडे काहीच तयार नाही, पिशवी नाही, कागदपत्रं तुमच्या कपाटात, नोटा गेल्या. भिंगरीने मधेच विचारलं, मामा, शाळेचे बूट घालू की चपला. मी आयुष्यात पहिल्यांदा मागचं-पुढचं न बघता उत्तर दिलं. म्हटलं, अनवाणी चल, जहाज असंच निघतंय.

सात सव्वीसला तिघं बाहेर. सात पन्नासची बस मिळाली. वळणावर ताईने मागे पाहिलं का, असं तुम्हाला वाटत असेल. नाही पाहिलं. ती भिंगरीच्या पायाला लागलेली खडी काढत होती.

भाऊजी, मी घाबरट माणूस आहे. आजही जिन्यात पाऊल वाजलं की माझ्या हातातलं पडतं. काल रात्री आम्ही तिघं एका गादीवर आडवे झोपलो, पाय जमिनीवर. खोलीत जागा नाही, शेती नाही, ढाल म्हणजे ही एक कडी. सत्तेचाळीस येईपर्यंत थांबलो असतो तर सगळं असतं. पण ही कडी मी आतून बसवली आहे, आणि भिंगरी ती तेव्हापासून उघडते आहे, लावते आहे, कुणी तिला नको म्हणत नाही.

ताईला विचारलं, तुम्हाला काही लिहायचं आहे का. ती म्हणाली, बेरीज बरोबर लिही, बाकी काही नाही. म्हणून खाली हिशेब देतो. तिच्याकडून दोनदा तपासून घेतला आहे.

खर्च:
जाताना बस, एक पूर्ण तिकीट — ९०
येताना बस, दोन पूर्ण आणि एक अर्धं — २२५
डॉक्टर, फोटो आणि बोटांचं प्लास्टर — ६४०
दूध, बिस्किटं — ४०
कडी आणि कुलूप — १९०
एकूण — १,१८५

देणं:
मालकांना, उचल — ३,०००
जुन्या खोलीचं अर्ध्या महिन्याचं भाडं — ७५०
ताई आणि भिंगरीला, तीन फेऱ्यांचं धान्य, नियम अकराप्रमाणे
तुम्हाला — चार स्क्रू. सोबत पाकिटात आहेत. बाकी शून्य.

येणं:
ताईच्या सहा नोटा.